इनामदार पळू नये म्हणून

फाल्गुन लागला की माझं ऑफिसातलं चित्त उडतं. हिंगोलीतल्या एका कॉलेजात मी कारकून आहे. समोर परीक्षेच्या अर्जांचा ढीग असतो, खिडकीशी पोरांची झुंबड असते आणि मी मात्र आवारातल्या लिंबाच्या शेंड्याकडे बघत बसतो. पानं कुठल्या अंगाला हलताहेत? सकाळी उगवतीचा वारा होता, तो आता फिरला का? परवा साहेब म्हणाले, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! हवामान खात्यात बदली मागितलीय की काय?" मी घाईनं एका अर्जावर शिक्का मारला. तो उलटा पडला.

साहेबांना काय सांगणार? होळी तेरा दिवसांवर आलीय. रजेचा अर्ज खणात लिहून तयार आहे आणि कारणाच्या जागी दरवर्षीसारखं 'घरगुती कार्य' असं लिहिलंय. खरं कारण लिहिलं तर साहेब रजा देतील, पण आजारपणाची. होळीच्या दिवशी आमच्या गावात काळविटाची पारध असते. तिच्यात कुत्री नसतात, जाळं नसतं, साधी काठीसुद्धा नसते. काळवीट पळाला की पारध बुडाली. तो जागचा उधळू नये आणि त्यानं नुकत्याच टाकलेल्या चार लेंड्या गरम असताना आपल्या हाती लागाव्यात, एवढ्यासाठी सगळं गाव पंधरा दिवस डोकं लढवत असतं. हसा खुशाल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो.

हे माझ्या बायकोचं, शोभाचं गाव. पुसेगाव मागं टाकलं की रस्ता डोंगराला लागतो. तिथं उतारावर हे गाव बसलंय, वरली गल्ली आणि खालची गल्ली. घरांच्या पाठीमागून गायरान सुरू होतं ते थेट माथ्यावरच्या पठारापर्यंत. मुरमाड जमीन, गुडघाभर कुसळी गवत, मधूनमधून बोरी आणि पळस. कुणा एकाचं नाही म्हणून सगळ्यांचं. तिथं हरणांचा कळप असतो आणि त्या कळपाचा धनी एक काळाभोर नर, पोटाखाली पांढराशुभ्र, शिंगांना पीळ पडलेला. गावात त्याला इनामदार म्हणतात. माझे सासरे सांगतात, "गायरान सरकारचं हाय, पण सातबारा त्येच्या नावानं निघतो."

पूर्वी इथं खरी पारध व्हायची. होळीच्या खड्ड्यात आधी शिकारीतलं काहीतरी पडायचं, खूर नाहीतर शिंगाचा तुकडा, आणि मग त्यात एरंड उभा राहायचा. पुढं कायदा आला. पण जुनी माणसं म्हणतात, कायद्याच्या आधीच एका वर्षी कळप एवढा रोडावला की म्हातारे पारावर बसले आणि त्यांनी ठरवलं, आता हिसकून घ्यायचं नाही, त्यानं आपणहून टाकलंय तेवढंच उचलायचं. तेव्हापासून लेंडी पडल्याशिवाय एरंड उभा राहत नाही. लेंडी गरमच हवी, कारण गार लेंडी शेळ्या वळणारा कुणीही उचलून आणेल. गरम आणली म्हणजे तुम्ही त्याच्याजवळ गेलात आणि त्यानं तुम्हाला जाऊ दिलं. पारख समोरच्या गल्लीच्या म्हाताऱ्यानं करायची, म्हणजे लबाडीला वाव उरत नाही. ज्या गल्लीकडे होळी पेटवायचा मान तिनं सकाळी जायचं. तिच्या हातून कळप उधळला तर दुपारी दुसरीनं. एक वर्ष हुकलं तर माफ. सलग दोन वर्षं हुकलं की मान समोरच्या गल्लीत जातो आणि परत हवा असेल तर त्यांची दोन वर्षं हुकायची वाट बघत बसायचं. एकदा एक नवा वनरक्षक चौकशीला आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "लेंडी उचलायला मनाई असल्याचं मला तरी वाचल्याचं आठवत न्हाई," म्हणाला, आणि तोही टेकडावर पालथा पडून बघत बसला.

मी इथं आलो तो घरजावई म्हणून. आमचं हिंगोलीत भाड्याचं दोन खोल्यांचं घर आणि त्यात आम्ही तीन भाऊ; शोभा आईबापाची एकुलती एक. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचे गुडघे धरले तेव्हा आम्ही बाडबिस्तरा उचलून गावी आलो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना आत्या. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं लोक म्हणतात. मला त्या घरात खरोखर ग्रहासारखंच वागवायचे. सकाळी गरम पाणी आयतं, ताटात भाकरीवर तूप, झोपायला नवी सतरंजी. मी बादली उचलली की आत्या धावत यायच्या, "जावईबापू, ठिवा ती! लोक काय म्हणतील?" मामा मला "पाव्हणं" म्हणायचे. पाव्हणं, बसा. पाव्हणं, चहा घ्या. वैरण टाकू का म्हटलं तर म्हणायचे, "तुमी काहून तकलीफ घेता?" ऐकायला हे किती गोड वाटतं! पण रोज संध्याकाळी मोटारसायकल लावून ओसरीवर बसलं की घरातलं प्रत्येक माणूस काही ना काही करत असायचं आणि मी एकटा नुसता बसून असायचो. आपल्याला कुणीतरी एखादं काम सांगावं, चारचौघांसारखं खेकसून सांगावं, याची मला तेव्हा फार भूक होती.

म्हणून मामा म्हणाले, "यंदा पाव्हण्याला पारधीला नेतो," तेव्हा मी हरखून गेलो. वरल्या गल्लीचा मान मामांच्या घराकडे होता. पंचवीसेक वर्षं तेच पुढं सरपटत जाऊन लेंडी आणत होते. वारा ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता सरपटणं जमत नव्हतं. ते मागून वारा सांगणार, पुढं मी जाणार.

आता झालेली चूक ऐका. ही चूक जगात दुसरीकडे कुठंही होणार नाही. ती फक्त जावयाच्या सासुरवाडीत होऊ शकते. होळीच्या सकाळी मी जुनी पँट चढवत होतो तर आत्यांनी ती ओढून घेतली. "सगळ्या गावासमोरून जावई जायचा, अन् फाटक्या कापडात? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!" वसमतहून आणलेला कोरा लेंगा, खळ घातलेला कडक शर्ट, डोक्याला चमेलीचं तेल, आणि वर कानात अत्तराचा फाया. मामा बाहेर चपला घालत होते. त्यांनी पाहिलं, तोंड उघडलं, आत्यांकडे पाहिलं आणि मिटलं. घरातल्या लक्ष्मीला जावयाच्या मानावरून अडवायची त्यांची छाती झाली नाही.

गायरानावर मी पहिलं पाऊल टाकलं आणि लेंगा बोलला. कर्र. दुसरं पाऊल, कर्र. पोटावर पडलो तर खळीचा शर्ट मोडताना पापड मोडल्यासारखा वाजला. इनामदार अजून लांब होता, माद्या चरत होत्या. तेवढ्यात माझ्या मानेवरून वाऱ्याची झुळूक पुढं गेली. कळपातल्या सगळ्या माना एकदम वर आल्या. टिटवी किंचाळत उठली आणि कळप निघाला. काय सांगू, पारध बुडत होती आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो! आधी एक मादी जागच्या जागी सरळ वर उडाली, मग दुसरी, मग सगळाच कळप, आणि शेवटी इनामदार, मान मागं टाकून, घाई नसल्यासारखा. मामा लंगडत माझ्यापाशी आले. माझ्या कानातला फाया काढला, नाकाशी धरला.

"गुलाब हाय?"

"हिना," मी म्हणालो.

"बरं हाय," ते म्हणाले, आणि फाया खिशात ठेवला.

त्या दुपारी खालच्या गल्लीचे आबा गरम लेंडी घेऊन आले. आबा मामांच्याच वयाचे, काटकुळे, मिशीतल्या मिशीत हसणारे. त्या संध्याकाळी होळी त्यांनी पेटवली. मामा मागं उभे होते, हात पाठीमागं बांधून. पुढचं वर्षभर मला गावात कुणी नावानं हाक मारली नाही. पिठाच्या गिरणीत, पारावर, बसथांब्यावर एकच प्रश्न, "काय जावई, आज कुठलं अत्तर?" मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. लागलं ते दुसरंच. पोळ्याच्या सुमारास मामा शोभाला सांगत होते ते मी ऐकलं. "फुडच्या साली हुकलं तर मान गेला. परत आणायचा म्हंजे दोन वर्षं त्यायच्या चुकायची वाट बघायची. माझ्या गुडघ्यात दोन वर्षं न्हाईत, पोरी." मी दाराआड उभा होतो आणि मला आयुष्यात कधी आली नव्हती एवढी लाज आली.

मला ज्याची आठवण फाल्गुनात अशी बेचैन करते ती त्याच्या पुढच्या वर्षीची. हरभरा निघाला त्या दिवशी बेत सुरू झाला. मी ऑफिसातून यायचो तो थेट ओसरीवर. शोभानं सुपात हरभऱ्याचे घाटे आणून ओतले. हिरवे घाटे म्हणजे माद्या, करपलेला एक घाटा म्हणजे इनामदार, उपडी वाटी म्हणजे टेकाड. मामा बोट फिरवून वारा दाखवायचे. मी म्हणायचो, इकडून जाऊ. मामा म्हणायचे, तिकडून टिटवीचं घरटं हाय. मी मधेच एखादी मादी खाऊन टाकायचो आणि शोभा ओरडायची, "आवो, कळप संपवता का?" काय दिवस होते ते! ओसरीच्या खाली परसात हळद शिजत असायची, कढईची वाफ आणि ओल्या हळदीचा तो मातकट, उग्र वास घरभर फिरायचा, आणि आम्ही तिघं माना खाली घालून गायरान मांडत बसायचो.

बेताचा खरा नकाशा शोभाच्या डोक्यात होता. मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं की माझ्या बायकोनं लहानपणी तिथं शेळ्या वळल्यात. ती म्हणाली, "त्येच्या मागं काहून फिरायचं? त्यो रोज एकाच जागी जातो. पळसाच्या खाली त्येचा उकिरडा हाय. उन्हं आली की नेम धरल्यावानी तिथंच." मामांनी तिच्याकडे पाहिलं. "एवढी वर्षं बोलली न्हाईस?" "तुमी कवा इचारलं?" ती म्हणाली, आणि घाटे गोळा करून सुपात भरायला लागली. रात्री जेवून हात धुताना मामा म्हणाले, "बराबर हाय तिचं. माझा बा पण पळसच म्हनायचा."

मग मी टेहळणीवर जायला लागलो. ऑफिस सुटलं की मोटारसायकल गावाबाहेर लावून गायरानाच्या कडेला बसायचं आणि घरी येऊन मामांना हजेरी द्यायची. काय पाहिलं? कळप. किती? चौदा. इनामदार कुठं होता? पळसाजवळ. "कान कुठं होते त्येचे?" कान मी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी कान पाहिले, तर विचारलं, "शेपूट?" तिसऱ्या दिवशी, "त्यो तुमच्याकडं बघत होता का तुमच्या मागच्या रस्त्याकडं?" मी एकदा वैतागून म्हटलं, मामा, जाऊन सरळ उचलून आणतो ना! तर म्हणाले, "पी हळद अन् हो गोरी, असं न्हाई चालत, पाव्हणं. आदी त्येला तुमची सवय होऊ द्या." आठवडाभरानं मला कान, शेपूट, नाकपुड्या असं सगळं दिसायला लागलं. इतकी वर्षं मी डोळे नुसते अर्ज वाचायला वापरत होतो, असं तेव्हा वाटलं. आजही एखाद्या खिडकीपाशी रांगेतल्या पोराचे खांदे बघून मला कळतं की याची फी भरायची राहिलीय आणि हा घाबरलाय. ते शिक्षण मला गायरानावर मिळालं.

मामांचा डाव निराळाच होता. "ते जनावर मानसाला भितं. मोटारसायकलीला भितं. पण बैलगाडीला भीत न्हाई. शेताच्या कडंनं गाडी जाती, ती त्येनं जल्मापासून पाहिली." गावात आता ट्रॅक्टर आहेत, लाकडी चाकांची गाडी उरली होती ती एकट्या मामांची, खोंडासारख्या जपलेल्या दोन म्हाताऱ्या बैलांसकट. बेत असा ठरला की मामा गाडीत बसून गायरानाच्या वाटेनं सावकाश जातील, मी गाडीच्या आडोशानं चालेन आणि बोरीपाशी आडवा पडेन. गाडी तशीच पुढं जाईल आणि इनामदाराची नजर गाडीमागं जाईल. गाडी चालली की मी सरकायचं, थांबली की थांबायचं. मामा हसून म्हणाले, "लोक म्हनतील, म्हातारा उंटावरून शेळ्या हाकून राहिला. म्हनू द्या."

आदल्या संध्याकाळी मला उत्साहाच्या भरात एक दुर्बुद्धी सुचली. गाडीची चाकं फार करकरायची. गुपचूप जायचं तर गाडी गुपचूप नको का? कुणी कामाला हात लावू देत नव्हतं, म्हणून सगळे देवळात गेल्याची संधी साधून मी दोन्ही चाकांना वंगण घातलं. चांगलं चोपडून घातलं. मामा आले, त्यांनी गाडी जरा ढकलली. चाक फिरलं आणि आवाजच आला नाही. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं बैल मेला.

"कोनी केलं ह्ये?"

"मी. आवाज नको म्हणून."

"अवो पाव्हणं, करकर ऐकूनच तर त्येला कळतं का ही गाडी हाय! मुकी गाडी आली तर त्यो पार वाशीमला जाऊन थांबंल!"

मग काय, मी, शोभा आणि खुद्द मामा जमिनीवर बसून चिंध्यांनी वंगण पुसतोय, आस काढून राखेनं घासतोय, पुन्हा चढवून बघतोय. दिवेलागणीला डाव्या चाकानं पहिल्यांदा 'कर्र' केलं तेव्हा आत्यांनी आतून ओरडून विचारलं, "झालं का बाळंतपण?" मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आत्यांचं मात्र दुखणं वेगळं होतं. मामांचा एक जुना सदरा तीन आठवडे गोठ्यात खुंटीला टांगून ठेवला होता, बैलांचा, वैरणीचा आणि हळदीच्या धुराचा वास लागायला. तो मी घालायचा होता. आत्यांनी तो दोनदा लपवला. एकदा तर धुवायला काढला, शोभानं बादलीवरून ओढून आणला. "माझ्या जावयाला असलं कापड? अन् गाव बघायला उभं?" त्या खरोखर रडल्या. मी म्हटलं, "आत्या, मागच्या साली तुम्ही मला नटवलं आणि मामांची होळी गेली." हे बोलायला नको होतं. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, झालं, रुसल्या. होळीच्या पहाटे सदरा माझ्या हातात दिला तर त्याच्या दोन्ही कोपरांना आतून गोधडीचे मऊ तुकडे शिवलेले, आणि जुन्या लेंग्याच्या गुडघ्यांनाही. "सरपटायचं म्हनता तर सोलून निघाल," एवढंच म्हणाल्या. अत्तराचं नाव काढलं नाही.

आणि मग ती सकाळ. उन्हं अजून पिवळी होती. गाडी वाटेला लागली, कर्र... कर्र..., बैलांच्या खुरांखाली मुरूम वाजत होता. पलीकडच्या टेकडावर खालची गल्ली पालथी पडली होती, मधोमध आबांचं मुंडासं. मामांनी चुन्याच्या डबीत रुईची म्हातारी भरून आणली होती. एकेक तंतू सोडत होते आणि तो आमच्या तोंडावर येत होता. वारा उत्तम. बोरीपाशी मी आडवा झालो. गाडी पुढं गेली आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंदाचा तास सुरू झाला.

पोटाखाली गार मुरूम, नाकाशी वाळलं गवत, कुसळं कानात शिरताहेत. करकर सुरू झाली की हातभर सरकायचं. करकर थांबली की मेल्यासारखं पडायचं. माझं काळीज इतकं वाजत होतं की हरणांना ऐकू जाईल अशी भीती वाटली. दोन माद्या माझ्यापासून चारपाच काठ्यांवर चरत होत्या; त्यांचे दात गवत तोडताना ऐकू येत होते. आणि पळसाखाली, झडून पडलेल्या तांबड्या फुलांत, इनामदार आला. त्यानं गाडीकडे पाहिलं. मामा निवांत बैलांशी बोलत होते. मग त्यानं मागचे पाय जरा टेकवले आणि आपलं काम केलं, अतिशय गंभीर चेहऱ्यानं, आमचे साहेब फायलीवर सही करतात तसं. झटकन शेपूट हलवलं आणि चार पावलं पुढं जाऊन चरायला लागला.

मी पोचलो. हात लांब केला. पाचसहा लेंड्या, ओल्या, चकाकत्या, गरम. खरोखर गरम! ओरडावंसं वाटलं. मूठ मिटली आणि मागं फिरलो.

नेमकी तेव्हा करकर थांबली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर चरत्या माद्यांपैकी एक माझ्या वाटेत येऊन बसली होती. बसली ती बसलीच. तिच्या मागं दुसरी बसली. मामांनी गाडी उभी केली होती. ते उतरून जुवाशी काहीतरी खटपट केल्याचं सोंग करत होते. मी पडून. ऊन चढायला लागलं. मुठीतली ऊब हळूहळू कमी होतेय असं मला जाणवलं. पळालो तर कळप उधळणार, पडून राहिलो तर लेंडी गार होणार. दोन्हीकडून मामांची होळी जाणार. मी मूठ तसूतसूनं छातीखालून ओढली आणि सदऱ्याच्या आत घालून काखेत दाबली. कोंबडी अंडं उबवते तसा मी तिथं पडून राहिलो. किती वेळ कोण जाणे. माद्या उठल्या, रवंथ करत बाजूला झाल्या, करकर पुन्हा सुरू झाली, आणि मी हातभर, हातभर करत बोरीपर्यंत आलो. मागं कळप चरतच होता. एक मान वर आली नाही.

होळीच्या खड्ड्याभोवती गाव जमलं. मामा गाडीतून उतरले नाहीत. जुवावर हात ठेवून बसून राहिले. आबा पुढं आले. मी मूठ उघडली. आता सगळ्यांना दिसतच होतं, लेंड्यांची चकाकी गेली होती, वरून सुकल्या होत्या. आबांनी एक उचलली. चिमटीत फिरवली. दुसऱ्या हातावर घेतली. गालाला लावली. मग त्यांनी माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, कोपरांना लागलेल्या मातीकडे पाहिलं.

"ही ऊब हरणाची न्हाई," आबा म्हणाले. "हरणाची असती तर कवाच गार झाली असती. मी टेकडावरून बघून राहिलो होतो. ही जावयाची ऊब हाय."

खालच्या गल्लीत कुजबुज झाली. मी मामांकडे बघितलं नाही, माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

"पन गरम हाय," आबा म्हणाले. "नेमात एवढंच हाय, का गरम पायजे. कोनाची ऊब पायजे ते नेमात न्हाई." आणि लेंडी खड्ड्यात टाकली.

त्या संध्याकाळी होळी मामांनी पेटवली. ढोल वाजले, वरली गल्ली नाचली, आबांनी मला कडकडून मिठी मारली आणि नाकाला पदर लावून शोभा म्हणाली, "आधी आंघोळ करा." ते सगळं छान होतं. पण फाल्गुनाचा वारा सुटला की मला आठवते ती त्या दिवशीची दुपार, आम्ही घरी आलो तेव्हाची. गाडी अंगणात उभी राहिली. आत्या उंबऱ्यात पाण्याचा तांब्या आणि नवा टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मी सवयीनं ओसरीकडे निघालो. मागून मामांचा आवाज आला, चढ्या पट्टीतला, खेकसल्यासारखा.

"सुधाकर! तिकडं कुठं चालला? बैलं सोड अन् पाणी दाव."

आत्यांच्या हातातला तांब्या हिंदकळला. "अवो, जावयाला काम सांगता?"

"मंग कोनाला सांगू?" मामा गाडीतून उतरत म्हणाले. "घरात दुसरं कोन हाय?"

मी तसाच परत फिरलो, जुवाखाली वाकलो आणि बैलं सोडली.